उपासनेच्या वेळचं पाळणाघर: एक खोली, आठ मुलं आणि दारावरची चिठ्ठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: रविवारच्या उपासनेच्या वेळी एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी चर्चच्या आवारात पाळणाघर सुरू करायचं आहे. एक रिकामी खोली आहे, मंडळीतले सात-आठ जण मदतीला तयार आहेत, दहा-बारा मुलं येतील असा अंदाज आहे, उपासना सव्वा तासाची असते. काय लागेल, किती माणसं लागतील आणि काय काय बिघडू शकतं?

सुरुवात खेळण्यांपासून करू नका. बहुतेक ठिकाणी तिथूनच होते. भिंती रंगतात, चित्रं लागतात, घराघरातून खेळणी गोळा होतात, आणि मूल कोणाच्या हातात द्यायचं नि कोणाच्या हातात परत करायचं हे ठरवायचंच राहून जातं. चर्चमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात. ही ओळख या कामाचं मोठं बळ आहे, आणि नेमकी तीच इथली कच्ची जागाही आहे. "अहो, ती काय परकी आहे का!" या एका वाक्यावर नोंद करायची राहते, चिठ्ठी मागायची राहते, खोलीत एकच माणूस असतानाही मुलं आत घेतली जातात. म्हणून या उत्तराचा बराचसा भाग ओळख असूनही व्यवस्था कशी पाळायची याबद्दलच आहे.

आधी माणसांचा हिशेब. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने इतर संस्थांसोबत केलेल्या बालसंगोपनाच्या मानकांत १३ ते ३५ महिन्यांच्या चार मुलांमागे एक मोठं माणूस आणि एका गटात जास्तीत जास्त आठ मुलं असं प्रमाण दिलेलं आहे. तुमच्याकडच्या कायद्यात याहून कडक नियम असेल तर तो पाळा. नसेल तर हे प्रमाण धरून चला. म्हणजे आठ मुलांना दोन माणसं, शिवाय दारावर एक. एका रविवारी तीन जण. बारा मुलं घ्यायची तर गट दोन करावे लागतात, प्रत्येक गटात दोन माणसं, दारावर एक, असे पाच जण. सात-आठ मदतनिसांत पाच-पाच जणांच्या पाळ्या बसत नाहीत; दोन महिन्यांत तेच ते लोक थकतात आणि मग प्रमाण मोडायला लागतं. माझं स्पष्ट मत: आठ मुलांवर सुरू करा. नववं मूल आलं तर दारावर "आज खोली भरली आहे" अशी पाटी लावा आणि ती लावताना ओशाळू नका. ज्यांना जागा मिळाली नाही त्या आईवडिलांसाठी सभागृहाच्या मागच्या बाजूला दोन-तीन खुर्च्या आणि एक चटई राखून ठेवा, म्हणजे त्यांना घरी परतावं लागत नाही.

प्रमाणापेक्षाही पक्का नियम म्हणजे मुलांबरोबर कधीही एकटं मोठं माणूस नको. मूल एकच असलं तरी माणसं दोन हवीत. नवरा-बायको किंवा सख्ख्या बहिणी यांना इथे एकच धरायचं, कारण दोघं एकमेकांचे साक्षीदार म्हणून पुरेसे नाहीत. पंधरा-सोळा वर्षांची मुलंमुली मदतीला हौसेने येतात आणि लहानग्यांशी फार छान खेळतात; त्यांना जरूर घ्या, पण मोजणीत धरू नका आणि लंगोट बदलायला सांगू नका. दुसरी व्यक्ती पोचेपर्यंत दार उघडायचं नाही. उपासना सुरू झाली तरी नाही. हा नियम पहिल्याच महिन्यात एकदा तरी कसाला लागतो, आणि त्या दिवशी तो टिकला तर पुढे टिकतो.

मदतनीस निवडताना किमान सहा महिने मंडळीत नियमित असलेली व्यक्ती, लेखी अर्ज, दोन संदर्भ, पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) किंवा पंचांपैकी कोणाशी तरी समोरासमोर बोलणं, आणि तुमच्या देशात जी पार्श्वभूमी तपासणी उपलब्ध असेल ती, इतकं सगळ्यांना सारखंच लावा. पाळकांच्या घरच्यांनाही. "त्यांना कशाला विचारायचं" इथून ढिलाईला सुरुवात होते. मुलाच्या अंगावर संशयास्पद खूण दिसली किंवा कोणाच्या वागण्याबद्दल शंका आली तर कोणाला, किती वेळात आणि कसं कळवायचं हे कागदावर लिहिलेलं हवं, कायद्याने बाहेर कळवणं बंधनकारक असेल तर त्यासकट. मंडळीतल्या मंडळीत मिटवायची ही गोष्ट नव्हे.

आता पाळ्या. मोठ्यांच्या सोयीने बघितलं तर दर रविवारी वेगळी जोडी ठेवणं सोपं असतं. मुलाच्या बाजूने बघा: दीड वर्षाचं मूल आठवड्यातून एकदा, तासाभरासाठी येतं. दर वेळी चेहरे नवे असतील तर त्याच्यासाठी तो दर वेळी पहिलाच दिवस. म्हणून एका जोडीने सलग चार किंवा पाच रविवार घ्यावेत, मग तितकेच रविवार विश्रांती. तिघांचे दोन संच आणि दोन जण राखीव, असं आठ जणांत नीट बसतं. बदलीच्या रविवारी जुन्या जोडीतल्या एकीने पहिली वीस मिनिटं थांबून मगच सभागृहात जावं. दिवसात दोन उपासना होत असतील तर एकीत सेवा आणि दुसरीत उपासना असा नियमच करा. वर्षभर उपासनेतला संदेश (प्रवचन) न ऐकता मुलंच सांभाळत राहिलेला माणूस मनाने कोरडा होतो आणि मग सोडून जातो; मुलांना त्याचाही फटका बसतो.

खोलीसाठी मुलामागे किमान ३५ चौरस फूट मोकळी जमीन लागते, कपाटं-टेबलं सोडून. आठ मुलांना २८० चौरस फूट झाले. खोली तळमजल्यावर, सभागृहाजवळ, स्वच्छतागृहाला लागून असेल तर अर्धं काम सोपं होतं. दार अर्धं असावं, म्हणजे खालचा भाग बंद आणि वरचा उघडा, किंवा निदान त्याला काच हवी. आत काय चाललंय ते जाता-येता कोणालाही दिसलं पाहिजे. काचेवर चित्रं चिकटवून ती झाकायची नाही. कडी आतून मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर. बिजागरीच्या बाजूच्या फटीतही बोटं चेमटतात, तेव्हा तिथे रबरी पट्टी लावून घ्या.

खोली तपासायची एकच पद्धत खरी: गुडघ्यांवर रांगत एक फेरी मारा. उभं राहून जे दिसत नाही ते तिथून दिसतं. टेबलाखाली चिकटलेलं च्युइंगम, सोफ्याखालचं नाणं, खिडकीच्या पडद्याची लोंबती दोरी, गळ्यात अडकेल अशी. दोऱ्या तोडा किंवा वर गुंडाळून बांधा. कपाटं नि पुस्तकांची मांडणी भिंतीला पट्टीने ठोकून घ्या. मूल खणांवर पाय देऊन चढतं आणि अख्खं कपाट अंगावर येतं. विजेच्या सॉकेटना झाकणं हवीत, पण सहज निघणारी सुटी झाकणं नकोत, कारण ती तोंडात जातात. सरकणारी पट्टी असलेलं झाकण चांगलं.

यात हमखास विसरली जाणारी वस्तू म्हणजे मदतनिसांच्या स्वतःच्या पर्स. त्यात गोळ्या असतात, नाणी असतात, पिना असतात, सॅनिटायझरची बाटली असते. दाराबाहेर किंवा साडेपाच फुटांवर हुक लावा आणि सगळ्यांच्या पर्स तिथेच. तसाच चहा. गरम पेय खोलीत आणायचं नाही, झाकणाच्या कपातलंसुद्धा नाही. एका हाताने मूल उचललं आणि दुसऱ्या हातात कप, इतकंच भाजायला पुरतं.

खेळण्यांबद्दल थोडक्यात. तोंडात जाईल आणि घशात अडकेल अशी वस्तू ओळखायला ठरलेलं माप आहे: ३.१७ सेंटिमीटर व्यासाची नळी, तळ तिरका, त्यामुळे आतली उंची २.५४ पासून ५.७१ सेंटिमीटरपर्यंत. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलांच्या खोलीत नको. अशी नळी विकत मिळते. नसेल तर टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असल्यामुळे कसोटी जरा कडकच होते, आणि ते बरंच आहे. चपटी गोल बटण-बॅटरी असलेलं कोणतंही खेळणं ठेवू नका. ती गिळली गेली तर अन्ननलिकेत दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा करते. लोहचुंबकाचे सुटे तुकडे आणि रबरी फुगेही नकोत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर घट्ट बसतो आणि निघता निघत नाही.

काय ठेवायचं? मोठे ठोकळे, एकात एक बसणारे पेले, हाताच्या पंज्यापेक्षा मोठे चेंडू, धुता येणाऱ्या बाहुल्या, ढकलायच्या गाड्या, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं. प्रकार कमी आणि प्रत्येकाचे नग जास्त, हे सूत्र. दोन वर्षांच्या मुलाला वाटून घेणं अजून जमत नाही, आणि शेजारच्याच्या हातातली गाडी हीच त्याला जगातली एकमेव गाडी वाटते. पाच वेगवेगळ्या गाड्यांपेक्षा एकसारख्या तीन गाड्या कितीतरी भांडणं वाचवतात. देणगी म्हणून आलेली जुनी खेळणी नम्रपणे नाकारायची सोय करून ठेवा. "खेळणी एका ठरावीक यादीतलीच घेतो, यादी दारावर आहे" असं म्हटलं की कोणी दुखावत नाही. जुने पाळणे तर अजिबात घेऊ नका, विशेषतः ज्यांची एक बाजू खाली सरकते ते. बाजू निखळून मूल फटीत अडकतं. पाळण्याच्या गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण, दार.

दारावरच्या माणसाचं काम एवढंच: मूल आत घेणं, बाहेर देणं, नोंद करणं. त्याने खेळवायला आत जायचं नाही. नोंदवहीत रकाने असे ठेवा: मुलाचं नाव, क्रमांक, आणणाऱ्याचं नाव, आल्याची वेळ, आईवडील कुठे बसणार, फोन, अ‍ॅलर्जी, लंगोट शेवटचा कधी बदलला, नेणाऱ्याची सही आणि वेळ. क्रमांक दोन चिठ्ठ्यांवर: एक मुलाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, जिथे त्याचा हात पोचत नाही, दुसरी आईवडिलांच्या हातात. पुढे छातीवर लावलेली चिठ्ठी पाच मिनिटांत तोंडात जाते. अ‍ॅलर्जी असेल तर चिठ्ठी लाल, दुरून ओळखू येईल अशी. पिशवी, बाटली, बूट यांवरही तोच क्रमांक. आईवडिलांनी इमारतीतून बाहेर जायचं नाही, हा नियम नावनोंदणीच्या कागदावरच लिहून सही घ्या. पाळणाघर उपासनेसाठी आहे; त्या वेळात बाहेरची कामं उरकायला नाही.

परत देताना चिठ्ठी जुळली तरच मूल द्यायचं, आणि नेणारी व्यक्ती प्रौढ हवी. दहा वर्षांची ताई भावाला न्यायला आली तरी नाही. कठीण प्रसंग अनोळखी माणसाचा नसतोच. त्याला कोणीही अडवतं. कठीण प्रसंग आजीचा असतो. आजी मंडळीत तीस वर्षं आहेत, मूल त्यांना बघून हात पसरतंय, आणि चिठ्ठी सुनेकडे राहिली आहे. तिथे दारावरच्या माणसाच्या तोंडी वाक्य तयार हवं: "आजी, चिठ्ठी आली की लगेच देते. तोवर इथे खुर्चीवर बसा, मी सूनबाईंना निरोप पाठवते." खुर्ची खरोखर ठेवलेली असावी. हे वाक्य सरावाच्या दिवशी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून घ्या. ऐन वेळी सुचत नाही, आणि सुचलं नाही की माणूस मूल देऊन मोकळा होतो. चिठ्ठी खरंच हरवली तर ओळखपत्र बघायचं, नोंदवहीतल्या सहीशी ताडायचं आणि पाळणाघराच्या प्रमुखांनी होकार द्यायचा. आईवडिलांत ताबा कोणाकडे यावरून वाद असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत प्रमुखांकडे आधीच असली पाहिजे. दारावर उभ्या असलेल्या माणसावर तो निवाडा टाकू नका.

आईवडिलांना बोलावण्याची पद्धत एकच आणि शांत असावी: फोनवर संदेश, किंवा सभागृहाच्या पडद्याच्या कोपऱ्यात मुलाचा क्रमांक. नाव दाखवायचं नाही. क्रमांक पुरतो आणि कोणालाही ओशाळं होत नाही. फोनवर कळवणार असाल तर आईवडिलांना त्यांचा फोन मूक करून हातात किंवा मांडीवर ठेवायला सांगा. पिशवीच्या तळातला थरथरणारा फोन गीतांच्या आवाजात कळत नाही.

रडणं हा या वयाचा भाग आहे. आईपासून वेगळं होण्याची भीती साधारण १० ते १८ महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असते. म्हणजे नेमकं तुमच्याकडे येण्याचं वय. त्यावर उपाय दारातच सुरू होतो. आईने खाली बसून मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं, "मी प्रार्थनेला जाते, मग तुला घ्यायला येते" एवढं सांगावं, एकदा जवळ घ्यावं आणि निघावं. मूल खेळात गुंगल्यावर गुपचूप सटकू नये. त्याने त्या दिवसाचं रडणं टळतं, पण पुढच्या रविवारी मूल आईचा पदर सोडतच नाही, कारण नजर हटली की आई नाहीशी होते हे ते शिकलेलं असतं. दारात दहा मिनिटं घुटमळणं, परत येणं, पुन्हा पापे घेणं हेही तितकंच वाईट. जाताना चेहरा शांत हवा. मूल आईच्या चेहऱ्यावर वाचतं की ही जागा बरी आहे की नाही.

मूल हातात आल्यावर मदतनिसाने त्याला समोर धरून तोंडाकडे तोंड करू नये. अनोळखी चेहरा इतका जवळ आला की रडणं वाढतं. बाहेरच्या दिशेला तोंड करून कडेवर घ्यायचं, खिडकीशी जायचं आणि हळू आवाजात दिसेल ते सांगत राहायचं: झाड, गाडी, पक्षी. दोन-तीन मिनिटांनी जमिनीवर बसायचं, मूल मांडीत, आणि आपण ठोकळे रचायला लागायचं. त्याच्याकडे बघायचं नाही. बहुतेक वेळा पाचव्या-सहाव्या ठोकळ्याला एक छोटा हात पुढे येतो. घरून आणलेली गोधडी किंवा आईची ओढणी मदत करते; ती मुलाच्या हातात मोठ्यांच्या नजरेखाली राहू द्यावी, गळ्याभोवती नव्हे.

"आई आत्ता येईल" हे सांगू नका, कारण ती आत्ता येणार नसते. या वयाला तास-मिनिटं कळत नाहीत, क्रम मात्र कळतो: "आधी गाणं, मग गोष्ट, मग खाऊ, मग साबणाचे फुगे, मग आई." दर रविवारी हाच क्रम राहिला तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मूल स्वतःच पुढचं सांगायला लागतं. सलग दहा मिनिटं रडणं न थांबता चाललं तर आईला बोलवायचं. मधे मधे थांबून इकडेतिकडे बघत रडणारं मूल यात मोडत नाही, ते सावरतंय. पण उलटी होईपर्यंत रडू देणं, "सवय होईल" म्हणून, हे चुकीचं आहे. नव्या मुलासाठी पहिल्या रविवारी पंधरा मिनिटं, दुसऱ्या रविवारी अर्धा तास, तिसऱ्या रविवारी पूर्ण वेळ असा चढ ठेवा. त्याआधी एखाद्या दिवशी रिकाम्या खोलीत आईसोबत वीस मिनिटं खेळून गेलेलं असेल तर फारच उत्तम. उपासनेच्या वेळी मात्र आईवडिलांनी आत येऊन बसायचं नाही. एका मुलाची आई आत आली की उरलेल्या सातांना आपापली आई आठवते.

सव्वा तासाची आखणी करताना नव्वद मिनिटांची करा. संदेश लांबतो, प्रभुभोजन असतं, शेवटी घोषणा असतात. दार उपासनेच्या पंधरा मिनिटं आधी उघडायचं. पहिला अर्धा तास मोकळा खेळ, जमिनीवर चार ठिकाणी वेगवेगळी मांडणी करून, म्हणजे सगळी मुलं एकाच कोपऱ्यात गर्दी करत नाहीत. मग आवराआवर, दर वेळी त्याच गाण्याच्या चालीवर. मग गाणी, हातवाऱ्यांची, दोन किंवा तीनच. मग गोष्ट.

गोष्ट तीन मिनिटांची, आणि एक वाक्य हेच तिचं सार. "देवाने झाडं केली." "येशू मुलांना जवळ घेतो." एकच गोष्ट चार रविवार सांगा. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. त्यांना पुढे काय होणार हे माहीत असण्यातच आनंद असतो. हातात एक खरी वस्तू हवी: झाडाची गोष्ट असेल तर मोठं पान, नावेची असेल तर टबमधली नाव. मूल उठून निघून गेलं तर जाऊ द्या. पाठ फिरवून बसलेलं मूलही ऐकत असतं, हे घरी गेल्यावर आईवडिलांना कळतं. हस्तकलेच्या मागे लागू नका. दोन वर्षांखालच्या मुलांची हस्तकला मोठ्यांनीच केलेली असते, आणि तेवढा वेळ दोन माणसांची नजर कागदावर राहते. जमिनीवर चिकटपट्टीने लावलेला एक मोठा कागद आणि जाड मेणखडू बास.

खाऊ द्यायचा की नाही? एवढ्या वेळेसाठी तो आवश्यक नाही, आणि अ‍ॅलर्जीची, घशात अडकण्याची, हात धुण्याची सगळी जोखीम तिथेच असते. दिलाच तर एकच पदार्थ ठरवा, दारावर लिहून लावा, आणि मुलं बसलेली असतानाच द्या, चालताना नाही. पाणी प्रत्येकाचं स्वतःच्या बाटलीतलं. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे आणि इतर दाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या चार वर्षांखालच्या मुलांना अजिबात नको. मऊ फळाचे तुकडे सव्वा सेंटिमीटरपेक्षा मोठे नसावेत.

शेवटची दहा मिनिटं सगळ्यात नाजूक. पहिली आई दारात दिसली की सगळी मुलं दाराकडे धावतात आणि रडारड सुरू होते. त्यासाठी दिवसातली सर्वांत आवडती गोष्ट शेवटी राखून ठेवा. साबणाचे फुगे उत्तम, दारापासून लांबच्या टोकाला. एक जण फुगे उडवतो, दुसरा क्रमांक पुकारला की ते एकच मूल दाराशी आणतो. ज्याचे आईवडील उशिरा येतात त्या मुलाच्या हातात काहीतरी काम द्या, चेंडू टोपलीत टाकायला सांगा.

लंगोट बदलण्याबद्दल दोन मार्ग आहेत: आईवडिलांना बोलवायचं किंवा मदतनिसांनी बदलायचा. पहिला सोपा वाटतो, पण दीड वर्षाच्या मुलाची आई मग दर रविवारी अर्ध्या उपासनेतून उठते. माझ्या मते पहिले तीन महिने बोलवा, तेवढ्यात ठरावीक मोठ्यांना शिकवून तयार करा. बदलायचं टेबल खोलीतच, दुसऱ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात. पडद्यामागे नाही. क्रम असा: सगळं सामान आधी काढून हाताशी ठेवा, कारण मूल टेबलावर असताना एक हात कायम त्याच्या अंगावर राहतो आणि वळून काही काढायला मिळत नाही. हात धुवा, हातमोजे घाला, टेबलावर कागद पसरा. मूल झोपवा, घाण पुढून मागे पुसा, प्रत्येक पुसण्याला नवा कागद. घाणेरडा लंगोट आणि कागद पायाने उघडणाऱ्या डब्यात. आता हातमोजे काढा, नवा लंगोट घालायच्या आधी. इथेच बहुतेकांचं चुकतं आणि त्याच हातमोज्यांनी नवा लंगोट, चड्डी, मुलाचा पाय सगळीकडे हात लागतो. लंगोट घाला, मुलाचेही हात धुवा, त्याला दुसऱ्या माणसाकडे द्या. मग टेबल साबणाच्या पाण्याने पुसा, त्यावर ब्लीचचं पाणी फवारा, निदान एक मिनिट ओलं राहू द्या. शेवटी स्वतःचे हात साबणाने वीस सेकंद. नोंदवहीत वेळ. मलम फक्त आईवडिलांनी लेखी दिलं असेल तर.

ब्लीचचं प्रमाण: साधारण पाच टक्क्यांचं घरगुती ब्लीच असेल तर टेबल नि स्वच्छतागृहासाठी एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर. तोंडात गेलेली खेळणी धुतल्यावर बुडवायला त्याहून सौम्य, लिटरला ४ मिलिलिटर, दोन मिनिटं, मग पाण्यातून काढून वाळवा. बाटलीवर वेगळी मात्रा दिली असेल तर ती पाळा. पाणी दर रविवारी ताजं करा. बनवलेलं मिश्रण दिवसभरात निकामी होतं. साबणाने आधी पुसणं चुकवू नका, घाणीवर मारलेलं ब्लीच घाणीतच संपतं. आम्ल किंवा अमोनिया असलेल्या कोणत्याही क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. फवारताना मुलं लांब हवीत. खेळताना तोंडात गेलेलं खेळणं लगेच उचलून टाकायला उंचावर एक पिवळी टोपली ठेवा. ते त्या दिवशी परत खेळात येत नाही. कापडी खेळणी ठेवायचीच नाहीत हे सर्वांत सोपं.

आजारी मुलाला दारातच परत पाठवण्याचे निकष छापून लावा, म्हणजे वाद माणसाशी होत नाही. ताप ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त असेल, किंवा ताप उतरून औषधाशिवाय २४ तास झाले नसतील. गेल्या २४ तासांत उलटी किंवा जुलाब झाले असतील. अंगावर नवं, न तपासलेलं पुरळ असेल. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या नसतील. नुसतं नाक वाहतंय म्हणून परत पाठवाल तर खोली वर्षभर रिकामी राहील. पोटाच्या साथीत सॅनिटायझरवर विसंबू नका, उलटी-जुलाबाच्या नोरोव्हायरस या विषाणूवर तो नीट चालत नाही, साबण-पाणीच हवं. औषध कोणतंही द्यायचं नाही. गंभीर अ‍ॅलर्जीसाठी इंजेक्शन लागणारं मूल असेल तर इंजेक्शन खोलीत उंचावर, ते द्यायला शिकलेलं एक माणूस हजर, आणि आईवडील दाराजवळच्या रांगेत.

घशात अडकल्यावर काय करायचं हे प्रत्येकाने प्रत्यक्ष शिकलेलं हवं: एक वर्षावरच्या मुलाला पाच वेळा पाठीवर, मग पाच वेळा पोटावर दाब, आळीपाळीने, एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर नाही, छातीवर. वाचून येत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो. दर दोन वर्षांनी उजळणी.

चावणं होणारच. भाषा आलेली नसते, दात नवे असतात, जागा दाट असते. चावलेली जागा साबणाने धुवा, गार ओलं फडकं लावा, आधी चावा बसलेल्या मुलाकडे लक्ष द्या. चावणाऱ्याला जवळ बसवून "चावायचं नाही, दुखतं" एवढंच, आणि दुसरं खेळणं. दोन्ही घरांना त्याच दिवशी सांगा, पण कोणी चावलं त्याचं नाव सांगू नका. मंडळीत ते नाव आठवडाभर फिरतं आणि त्या आईला दारात उभं राहणं नकोसं होतं. छोटी अपघात-नोंद ठेवा: वेळ, जागा, काय झालं, काय केलं, कोणी पाहिलं, आईची सही. कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. तेच मूल वारंवार चावत असेल तर वेळ बघा. बहुधा ते एका ठरावीक वेळी होतं, खाऊच्या आधी किंवा शेवटच्या गर्दीत, आणि त्या दहा मिनिटांत एक माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर बसलं की थांबतं.

आग लागली किंवा इमारत रिकामी करायची झाली तर सगळे आईवडील पाळणाघराच्या दिशेने धावतील, आणि मुलांना बाहेर आणायचा रस्ता तेच अडवतील. म्हणून आधीच, उपासनेत जाहीरपणे सांगा: मुलांना मदतनीस ठरलेल्या जागी आणतील, आईवडिलांनी थेट तिथे यायचं. चालणाऱ्यांसाठी कड्या असलेली दोरी, न चालणाऱ्यांसाठी रुंद दारातून जाणारा चाकांचा मजबूत पाळणा, ज्यात चार मुलं उभी राहतील. पुढे चालणाऱ्याच्या हातात नोंदवही. वर्षातून दोनदा प्रत्यक्ष करून बघा. पहिल्या सरावात हमखास कळतं की पाळणा दारातून जात नाही.

फोटो काढायचे नाहीत, मदतनिसांचे फोन पर्ससोबत हुकवर. दारावरच्या एका फोनवर काम चालतं.

उपासना संपल्यावर नोंदवहीतला प्रत्येक क्रमांक समोर सही आहे का बघायचं. आठ आले, आठ गेले. मग दोघांनी मिळून स्वच्छतागृह, पडद्यामागची जागा, खालचे खण, तंबूसारखं काही उभं केलं असेल तर त्याच्या आत बघायचं. झोप आलेलं मूल अशाच जागा शोधतं. पिवळी टोपली धुवायला, डब्यातली पिशवी बाहेर, राहिलेला बूट क्रमांकासकट दाराजवळच्या खोक्यात. मग कुलूप.